वाळूनं धुतलेला चौक

एल्कर्टन, इंडियाना
९ फेब्रुवारी १९७६

प्रिय वेंडेल,

आधी बातमी, ख्यालीखुशाली नंतर. आपला कोर्टाचा चौक धुऊन निघणार आहे! अर्धामुर्धा नाही, चारही बाजू. चार जुलैला देशाला दोनशे वर्षं होतील, तेव्हा एल्कर्टनचा चौक आजोबांच्या काळात होता तसा दिसेल. समितीची अध्यक्ष कोण, विचार. विचारलंस? तुझी बहीण.

तुला आठवतो तो चौक आता राहिलेला नाही रे. हायवेवर ते नवं शॉपिंग सेंटर झालं. तिथे गाडी लावायला मैदान, आत ऊबदार, टोपी न काढता सगळी खरेदी. इकडे आमच्या उत्तरेच्या रांगेत निम्म्या दुकानांना कुलपं. न्हाव्याच्या खिडकीत मेलेल्या माश्या पडल्यात. व्हर्जिल दिवसात दोन-चार जोड विकतो आणि उरलेला वेळ बुटांची खोकी पुसत बसतो. कोळशाच्या काजळीनं विटा इतक्या काळ्या झाल्यात की परक्या माणसाला वाटावं, इथे आग लागून गेलीय. असल्या चौकात कोण झक मारायला येणार? दोन वर्षं असंच चाललं तर आम्हालाही कुलूप लावावं लागेल, आणि मग माझ्या नवऱ्यानं करायचं काय? त्याला बूट सोडून दुसरं काही येत नाही.

पण उपाय सापडलाय. डॉब्ज म्हणून एक माणूस आहे. त्याच्या ट्रकवर कॉम्प्रेसर बसवलेला आहे. नळीतून जोरानं वाळू मारतो, की काजळी गेलीच. बँकेच्या भिंतीवर त्यानं दाराएवढा तुकडा करून दाखवला. वेंडेल, आतून भोपळ्यासारखी केशरी वीट निघाली! समितीतल्या लुसिल होगलंडच्या तर डोळ्यांना धार लागली. (ती साबणाची जाहिरात बघूनही रडते, पण तरी.)

मी स्वतः दारोदार फिरून चौकातल्या एकूण एक मालकाचा होकार आणला. म्हातारा क्रूलसुद्धा तयार झाला, जो स्वतःच्या बायकोला कधी हो म्हणाला नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, ओपल, तू सांगतेस ना, मग झालं.

तू आणि बर्निस चार जुलैला या. तुझा जन्म गेला जुन्या इमारतींची मापं घेण्यात. एकदा आपल्या गावच्याही बघ. व्हर्जिल बरा आहे, गुडघे सोडून.

तुझी,
ओपल


सिनसिनाटी
१६ फेब्रुवारी १९७६

प्रिय ओपल,

नको.

पत्राची सुरुवात अशी करू नये हे मलाही कळतं. पण तू अर्ध्यावर पत्र टाकून देशील म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. वाळू मारू नका.

चौकातली प्रत्येक वीट, कोर्टाच्या इमारतीसकट, मोठ्या आगीनंतर ओढ्याकाठच्या एकाच भट्टीत भाजली होती. ती भट्टी काही फार तापायची नाही. त्यामुळे वीट आतून मऊ आहे. तिला जो काही टणकपणा आहे तो वरच्या कातडीत. पावाला असते तशी. तुझा तो डॉब्ज काजळी काढत नाहीये, कातडी काढतोय. जी केशरी वीट बघून लुसिल रडली ती सोललेली वीट आहे. तिच्यात पाणी शिरणार, थंडीत त्याचा बर्फ होणार, बर्फ फुगणार आणि वीट फुटणार. सांध्यांमध्ये जुना चुना आहे, तो वाळूपुढे पिठासारखा उडून जाईल. मी इथे अशी एक अख्खी गल्ली बघितलीय. पहिल्या वर्षी छान दिसली. नंतर तिला टेकू लावावे लागले.

साबण, पाणी आणि ब्रश. वेळ लागेल, पण बाकी काही होणार नाही.

आणि खरं सांगू? बायकांच्या क्लबानं केक विकावेत, फुलझाडं लावावीत. इमारतींची शस्त्रक्रिया करायला निघू नये.

वेंडेल


एल्कर्टन
२ मार्च १९७६

वेंडेल,

केक विकून झाले. फुलझाडंही लावून झाली. तेवढ्यानं चौक जगला असता तर मी कशाला गळा काढला असता?

तू विशीत गाव सोडलंस. परत आलास ते बाबांच्या आणि आईच्या मातीला. न्हाव्याचं दुकान कधी बंद झालं ते तुला ठाऊक नाही, आणि निघालास तिकडून उंटावरून शेळ्या हाकायला. जो तो मला विचारतो, तुझा भाऊ एवढा शिकलेला, गावासाठी काय केलं त्यानं? मी आपली काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आता सांगेन, त्यानं आम्हाला ब्रश घ्यायला सांगितलंय. पूर्ण चौक, तीन मजली, ब्रशनं! घासायला कोण येणार, तू?

पत्र व्हर्जिलनंही वाचलं. म्हणाला, एकदा समितीत वाचून तरी दाखव. मी म्हटलं, तू बूट विक. सगळ्यांचा होकार माझ्या शब्दावर आलाय. आता उभी राहून 'माझा भाऊ नको म्हणतो' असं सांगू? माझं तोंड राहील का गावात?

तुझं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुझीच लाज राखते असं समज.

ओपल


एल्कर्टन
१२ जुलै १९७६

प्रिय वेंडेल,

राग मी धरत नाही, तुला माहीत आहे. धरला तरी टिकत नाही. म्हणून लिहिते.

तू यायला हवं होतंस! बँड होता, शाळेच्या पोरी होत्या, कोर्टाच्या पायऱ्यांवर भाषणं झाली, तिघं-चौघं उन्हानं चक्कर येऊन पडले. आणि मागे चारही बाजूंनी आपला चौक, असा झळझळीत की बघतच राहावं. म्हातारा क्रूल माझ्याजवळ आला आणि हॅट काढून म्हणाला, ओपल, माझा बाप असता तर त्याला आपलं दुकान ओळखू आलं असतं. राजधानीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी कोपऱ्यात आहे, माझी टोपी तरी आहे.

लोक येऊ लागलेत. शनिवारी गाडी लावायला जागा नव्हती! व्हर्जिलनं एका दिवसात इतके जोड विकले की संध्याकाळी त्याला खुर्चीतून उठवेना. मी त्याचे पाय चेपत होते आणि तो आपला हसतोय. किती वर्षांनी असा हसला.

तू घाबरवलं होतंस म्हणून डॉब्जला मी विचारलं, पाणी शिरलं तर? तो म्हणाला, बाई, त्यावर औषध आहे. एक पाण्यासारखं रोगण फासलं त्यानं सगळ्या भिंतींवर. आता पाऊस भिंतीवरून मोत्यांसारखा घरंगळतो. तर झालं का समाधान?

मधली कोर्टाची इमारत तेवढी राहिली. तिच्यासाठी पैसे कमी पडले. बघू पुढच्या वर्षी.

तुझी,
ओपल


सिनसिनाटी
३० जुलै १९७६

प्रिय ओपल,

फोटो बघितला. टोपी ओळखली. अभिनंदन.

त्या रोगणाबद्दल एकच लिहितो आणि गप्प बसतो. पाणी समोरूनच शिरतं असं नाही. ते वरून, छताच्या कठड्यातून उतरतं, तडे शोधतं. आत गेलेलं पाणी पूर्वी वीट हळूहळू बाहेर टाकायची. आता तुम्ही तिचं तोंड बंद केलंय.

बर्निसनं पीचचा मुरांबा पाठवलाय. व्हर्जिलला आवडतो ना.

वेंडेल


एल्कर्टन
२४ जानेवारी १९७७

प्रिय वेंडेल,

मुरांबा केव्हाच संपला, व्हर्जिलनं चमच्यानं खाल्ला. ख्रिसमस बरा गेला. जुलैइतकी गर्दी नाही, पण बरा. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. गुलाबाला रोज फुलं येत नाहीत.

थंडी अशी पडलीय की नळ फुटायला आलेत. दुकानावरच्या आमच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला कागद सुटलाय, ओल आहे. जुनं घर आहे, त्याला जुन्या माणसासारखी दुखणी असणारच. सकाळी दारासमोर लाल भुकटी पडलेली असते, ती झाडता झाडता माझी कंबर गेली. रस्त्यावरून येत असेल. व्हर्जिल म्हणतो रस्ता तर काळा आहे. त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी बोलायचंच असतं, ते सोड.

लुसिलच्या मुलीचं लग्न ठरलं. सविस्तर नंतर.

ओपल


सिनसिनाटी
१ फेब्रुवारी १९७७

प्रिय ओपल,

लग्नाचं नंतर. लाल भुकटी कुठे पडते? फक्त भिंतीच्या पायाशी, की फुटपाथवरही? भिंतीवर बोट फिरवलं तर बोट लाल होतं का? सांध्यात चावी घातली तर किती आत जाते?

याचं उत्तर दे. भांडण बाजूला ठेव.

वेंडेल


एल्कर्टन
डिसेंबर १९७७

(ख्रिसमसचं छापील कार्ड. खाली हातानं लिहिलेलं:)

तुम्हा दोघांना शुभेच्छा. आम्ही मजेत. ओपल आणि व्हर्जिल.


एल्कर्टन
६ मार्च १९७८

वेंडेल,

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे. ओपलला सांगू नकोस.

जानेवारीचं वादळ तू पेपरात वाचलंच असशील. दुकानाचं दार उघडायला आत्ता आत्ता जमतंय. बर्फ थोडा उतरला तेव्हा समोरून भिंत बघितली. विटांची तोंडं गळून पडलीत. ताटलीएवढाले पापुद्रे फुटपाथवर सापडतात. सांध्यात माझं बोट पेरभर जातं. तू मागे चावी विचारली होतीस. ओपलनं तुझं पत्र वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं, मी ते वाचलं होतं.

दुकानाच्या कपाळावरचा जो विटांचा कठडा आहे तो आता सरळ नाही. फुटपाथच्या बाजूला झुकलाय. मी समोरच्या बाकावर बसून खूप वेळ बघितलं. मला वाटतं तो झुकतोच आहे. रात्रीत गोठतो, दुपारी सुटतो.

ओपलला म्हटलं तर ती रागावते. रागावते म्हणजे घाबरते, मला कळतं ते. पूर्ण चौकानं तिच्या शब्दावर हे केलं. क्रूलची पण भिंत अशीच आहे, तो तिच्याशी बोलत नाही. परवा ती एकटीच झाडू घेऊन भुकटी गोळा करत होती आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी आत निघून आलो.

तीन आठवड्यांत ईस्टर. तुला आमचं माहीत आहे, पोरांना ईस्टरला नवे बूट. आमचं अख्खं वर्ष त्यावर चालतं. आया पोरांना घेऊन बाहेर फुटपाथवर रांग लावतात, बरोबर त्या कठड्याखाली.

मी काय करू ते सांग. दुकानाच्या पत्त्यावर लिही.

व्हर्जिल रॅडमाकर


सिनसिनाटी
१० मार्च १९७८

व्हर्जिल,

पत्र मिळालं, लगेच लिहितो.

कठडा उतरवायला लाव. गवंडी मिळेपर्यंत एक क्षण त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. फुटपाथ अडव. रस्ता अडवायला ठेवतात तसले लाकडी घोडे लाव, दोर बांध, लाल फडकं लाव. गिऱ्हाइकांना मागच्या गल्लीतून आत घे. दुपारी ऊन पडलं की धोका जास्त. वरून करकर आली, बारीक खडे पडले, की समज वेळ झाली. तूही त्याच्याखाली थांबू नकोस. हे शेवटचं वाक्य परत वाच.

ओपलला मी लिहू का? लिहिलं तर ती उलटंच करेल. माझं तिच्यासमोर काही चालत नाही आणि त्यात माझाही दोष आहे. तू सांग. तुझं ती ऐकत नाही असं तिला वाटतं, पण ऐकते.

बर्निसच्या डोळ्यांचं ऑपरेशन ईस्टरच्या आधल्या आठवड्यात आहे. ते झालं की मी येतो. ईस्टरनंतरचा मंगळवार धर.

वेंडेल


एल्कर्टन
४ मे १९७८

वेंडेल,

दफनाच्या दिवशी तू माझ्याजवळ उभा होतास आणि मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. लोकांना वाटलं, दुःखानं तोंड मिटलंय. तसं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची भीती होती. आता कागदावर सांगते. तुलाच सांगते.

गावाला जे माहीत आहे ते तुझ्या कानावर आलंच असेल. ईस्टरचा शनिवार, बाहेर आया आणि पोरं. व्हर्जिल आत एका चिमुरडीच्या पायात बूट चढवत होता. वर काहीतरी करकरलं. त्यानं बूट खाली ठेवला, बाहेर गेला आणि लोकांना ढकलायला लागला. आयुष्यात ज्या माणसानं कुणाला धक्का मारला नाही तो बायकांना खांद्यानं लोटत होता! लोक हसले आधी. मग त्याचा चेहरा बघून पळाले. एकूण एक माणूस वाचला. मग कठडा आला, चांगला वीस फूट लांब, एकदम, त्याच्या अंगावर. चौकशीत लिहिलं, 'बर्फाचा भार'. गाव त्याला देवमाणूस म्हणतं.

आता गावाला माहीत नाही ते. गवंड्यानं बर्फ वितळल्यावर येतो म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी फुटपाथ अडवलेला होता. दोन लाकडी घोडे, दोर, लाल फडकं. मी वरून खाली आले आणि बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हे काय मांडून ठेवलंयस, मयत झाल्यासारखं? ईस्टरच्या शनिवारी? तो म्हणाला, ओपल, आज सगळ्यांना मागून घेऊया. मी म्हटलं, कचऱ्याच्या डब्यांमधून? पांढरे बूट घ्यायला? चौकातला प्रत्येक माणूस आधीच माझ्याकडे बोट दाखवतोय, त्यात तू दोर बांधून जाहिरात कर! मी घोडे माझ्या हातांनी ओढले आणि गल्लीत नेऊन टाकले. तो दारात उभा राहून बघत होता. म्हणाला फक्त, हात जपून, कुसळं आहेत लाकडाला.

आणि दुपारी सगळ्यांना हटवल्यावर तो पळून का नाही गेला, असं लोक विचारतात. तो घोडे आणायला गल्लीत गेला होता, वेंडेल. एक ओढत आणला आणि जागेवर ठेवत होता. मी दारातून बघत होते. मी बघत होते.

त्याला हे घोडे लावायचं कुणी सुचवलं, मला कळत नाही. स्वतःहून तो एवढं करणारा नव्हता.

आणखी एक. गावानं व्हर्जिलच्या नावानं निधी उभारलाय. लहान लहान पोरांनी खाऊचे पैसे दिलेत. त्यातून काय करायचं ठरतंय, माहीत आहे? कोर्टाची इमारत. ती एकटीच अजून काळी आहे ना! डॉब्जला बोलावलंय. व्हर्जिल रॅडमाकर याच्या स्मरणार्थ कोर्ट वाळूनं धुणार आहेत. मला काय करावं सुचत नाही. सांग.

ओपल


सिनसिनाटी
१९ मे १९७८

प्रिय ओपल,

घोडे लावायला मी सांगितलं. व्हर्जिलनं मार्चमध्ये मला पत्र लिहिलं होतं, तुला न कळू देता. मी त्याला फुटपाथ अडवायला सांगितलं, आणि मंगळवारी येतो म्हणून सांगितलं. शनिवारी यायला हवं होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी. त्याच्याही आधी, दोन वर्षांपूर्वी, पत्र न लिहिता गाडीत बसून यायला हवं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. पण मला ते पत्र लिहिताना मजा वाटत होती. केकचं वाक्य तर मी बर्निसला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

रडून झालं की हे वाच. कोर्टाला हात लावू देऊ नकोस. त्याच विटा, त्याच भट्टीतल्या, आणि वर तो घड्याळाचा मनोरा आहे. तुमच्या उत्तरेच्या रांगेवर तीन हात उंच कठडा होता. तिथे किती उंच भिंती आहेत ते तुला दिसतंच. आत रोज माणसं असतात. खाली पायऱ्यांवर पोरं खेळतात.

तुझं पत्र मिळताच मी आधी निधीच्या समितीला लिहिलं. उत्तर आलं, छापील, आभाराचं. माझं कोण ऐकणार? मी पळून गेलेला. तुझं ऐकतील. चौक तुझ्या शब्दावर वाळूखाली गेला, तुझ्याच शब्दावर थांबेल. सगळं सांग. घोड्यांचंही सांग, नाहीतर त्यांना 'बर्फाचा भार' पुरेसा वाटेल. तुला किती जड जाईल ते मला कळतंय, आणि तरी सांगतोय.

वेंडेल


एल्कर्टन
२ जून १९७८

प्रिय वेंडेल,

सांगितलं.

काल सभा होती, कोर्टातच, वरच्या मोठ्या खोलीत. खोली खचाखच भरली होती. अर्ल पिकेट, जिल्ह्याचा आयुक्त, न्यायाधीशाच्या खुर्चीखाली टेबल लावून बसला होता. आधी व्हर्जिलसाठी सगळे उभे राहिले. मग लुसिलनं रंगवलेलं चित्र दाखवलं, स्वच्छ केशरी कोर्ट, वर निळं आकाश. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात वर केला. अर्ल म्हणाला, ये ओपल, आज तुझाच मान.

मी पुढे गेले. मी म्हटलं, माझ्या भावानं दोन वर्षांपूर्वी लिहून कळवलं होतं की वाळू मारू नका, विटा मरतील. ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझा शब्द खाली पडला असता. लाल भुकटी रोज झाडत होते आणि रस्त्याची आहे म्हणत होते. क्रूल, तुमची भिंत माझ्यामुळे फुटली. मग घोड्यांचं सांगितलं. गल्लीपर्यंत कसे ओढले तेही. म्हटलं, बर्फानं मारलं नाही त्याला. वाळूनं मारलं, आणि मी.

मला वाटलं, आता उठतील, शिव्या देतील. वेंडेल, मी त्याचीच वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या म्हणजे त्यांना कळलं असतं.

लुसिल उठली, रडत आली आणि तिनं मला मिठी मारली. म्हणाली, बिचारी, किती जीव होता हिचा त्याच्यावर. मागून कुणीतरी म्हणालं, बाई गं, स्वतःला दोष देऊ नकोस. क्रूल म्हणाला, जाऊ दे ओपल, हिवाळाच तसा होता. अर्लनं चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, ओपल, या खोलीत एकही माणूस तुला दोषी धरत नाही, हे लिहून घ्या. आणि त्यांनी खरंच तसं लिहून घेतलं.

मी ओरडले. म्हटलं, मला माफ नका करू, माझं ऐका! हीच वीट आहे, हीच भट्टी, वर मनोरा आहे, खाली तुमची पोरं आहेत! अर्ल अगदी हळू आवाजात म्हणाला, बस ओपल, पाणी घे. कुणीतरी पाणी आणलं. लुसिलनं मला आपल्या शेजारी बसवलं आणि माझा हात हातात घेतला, आणि मग मतं घेतली. सगळे हात वर गेले. लुसिलनं एका हातानं माझा हात धरून ठेवला आणि दुसरा वर केला.

डॉब्ज बारा तारखेला, सोमवारी येतोय. सुरुवात उत्तरेकडून, कारण त्या बाजूला व्हर्जिलचं दुकान होतं. पहिला फवारा मी मारावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी नाही म्हटलं. अर्ल म्हणाला, समजू शकतो, तुझ्या वतीनं मी मारीन.

आज सकाळपासून घरात मटणाच्या आणि नूडल्सच्या भांड्यांची रीघ लागलीय. प्रत्येक जण दारात माझे गाल धरतो आणि सांगतो, तू चांगली बाई आहेस. मी पुन्हा सांगायला जाते आणि ते मान हलवत राहतात.

अकराला, रविवारी ये. सोमवारी त्या ट्रकसमोर उभं राहायचं आहे, आणि तू म्हणशील की उपयोग नाही, ते मलाही दिसतंय. तरी ये. ज्यानं मला अजून माफ केलेलं नाही असं एक तरी माणूस माझ्या शेजारी हवंय.

ओपल